मूल चालायला लागण्याआधी फ्लॅटमध्ये करायची कामं, धोक्याच्या क्रमाने

बाळ सोफ्याला धरून उभं राहायला लागलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती टीपॉयच्या कोपऱ्यांना लावायच्या रबरी टोप्यांची. टोप्या वाईट नाहीत. पण टीपॉयच्या कोपऱ्याने टेंगूळ येतं. उघडी खिडकी, भरलेली बादली, उकळता चहा आणि कापराची डबी यांनी जीव जाऊ शकतो. म्हणून वेळ आणि पैसा त्याच क्रमाने खर्च करा. आधी खिडकी-बाल्कनी, मग पाणी, मग भाजणं, मग पोटात किंवा घशात जाणाऱ्या वस्तू, मग वीज, जड कपाटं आणि दारं. कोपरे सगळ्यात शेवटी.

एक मोजमाप घरभर उपयोगी पडतं. दीड वर्षाच्या मुलाची उंची साधारण ३२ इंच असते, पण चवड्यांवर उभं राहून हात वर केला की बोटं त्याच्या बरीच वर पोचतात. स्वयंपाकघराचा ओटा असतो ३२ ते ३४ इंचांचा. म्हणजे ओट्याचा काठ, डायनिंग टेबल आणि देव्हाऱ्याचा खालचा कप्पा त्याच्या हाताखाली आला. प्रत्येक खोलीत ४२ इंचांवर पेन्सिलने एक खूण करा आणि तिच्याखाली घातक काही ठेवू नका. पाट, उशी, पाय ठेवता येईल असा ड्रॉवर जवळ असेल तर खूण तितकीच वर सरकवा, कारण वस्तू ओढत नेऊन तिच्यावर चढायची युक्ती दुसऱ्या वर्षातच सुचते. खूण करून झाली की गुडघ्यांवर बसून एकदा घरभर फिरा. सोफ्याखालचं औषधाचं पाकीट आणि पडद्यामागचा सॉकेट उभ्याने दिसत नाहीत.

खिडकी आणि बाल्कनी

हे काम मूल रांगायला लागायच्या आत पूर्ण करा. ग्रिलवाला माप घेऊन गेल्यापासून ग्रिल लागेपर्यंत आठवडे जातात, आणि सोसायटीची परवानगी घ्यायची असते ती वेगळीच.

आज लगेच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. खिडकीजवळून चढता येईल असं सगळं हलवा: बेड, सोफा, शू-रॅक, कुंड्यांचा स्टँड, उलटी ठेवलेली बादली. किमान तीन फूट अंतर हवं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये बेड खिडकीला चिकटूनच बसतो, तिथे हे शक्य नसतं. अशा खिडकीला ग्रिल लागेपर्यंत स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये स्क्रूने आवळायचा स्टॉपर बसवा. खिडकी ४ इंचांपेक्षा जास्त सरकता कामा नये. एक स्टॉपर खालच्या ट्रॅकला आणि एक वरच्या ट्रॅकला लावा, कारण खालचा मुलाच्या हाताशी असतो. मच्छरजाळीचं शटर म्हणजे आधार नव्हे. मुलाने अंग टाकलं की ते ट्रॅकमधून निसटून बाहेर जातं.

लोखंडी ग्रिल करून घेताना चार गोष्टी कागदावर लिहून द्या. गज उभे हवेत. आडव्या पट्ट्यांची नक्षी दिसायला छान असते, पण ती शिडी होते. दोन गजांमधली मोकळी जागा ४ इंचांच्या आत हवी, आणि ती गजाच्या मध्यापासून मध्यापर्यंत न मोजता कडेपासून कडेपर्यंत मोजायची. ग्रिल भिंतीत फास्टनरने बसवायचं. 'ॲल्युमिनियमच्या फ्रेमलाच स्क्रू मारतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, ती फ्रेम वजन पेलण्यासाठी नसते. चौथी गोष्ट, घरातल्या निदान एका खिडकीच्या ग्रिलला कुलपाचं दार हवं. आग लागली तर अग्निशमन दलाला तिथूनच आत यावं लागतं. त्या कुलपाची किल्ली खिडकीजवळ, पण सहा फुटांवर खिळ्याला टांगा.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईत पाम बीचच्या बाजूच्या कितीतरी टॉवरमध्ये बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल चालत नाही. तिथे आतून लावायचं ग्रिल किंवा इनव्हिजिबल ग्रिल (ताणलेल्या बारीक तारांचं) हे दोन पर्याय उरतात. इनव्हिजिबल ग्रिलच्या तारा एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) च्या मागा. वाशी, ऐरोली, कोलशेत, बाळकुम या भागांत खाडीचा खारा वारा लागतो. ३०४ तिथे लवकर गंज धरतं. तारांमधलं अंतर २ इंच घ्या. ३ इंच घेतलं तर काम स्वस्तात होतं, पण तार ताणाखाली वाकते आणि फट वाढते. काम ताब्यात घेताना मधल्या दोन तारा दोन्ही हातांनी जोर लावून फाकवून बघा. फट ४ इंचांवर गेली तर तारा पुन्हा ताणून घ्या, त्याशिवाय पैसे चुकते करू नका. ताण कालांतराने कमी होतो, म्हणून ही चाचणी दर पावसाळ्याआधी करायची.

कबुतरांची जाळी वेगळी आणि मुलासाठीची सोय वेगळी. नायलॉनची जाळी उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होऊन तुटायला लागते आणि तिचे हुक भिंतीत जेमतेम धरलेले असतात. मुलाचं वजन ती पेलेल असं अजिबात धरू नका.

बाल्कनीच्या रेलिंगला आडवे पाइप असतील तर आतल्या बाजूने ४ मिमीचं पारदर्शक पॉलीकार्बोनेट पूर्ण उंचीभर लावा. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं असेल तर पट्ट्या काळ्या, ऊन सोसणाऱ्या घ्या आणि दरवर्षी बदला. पांढऱ्या पट्ट्या एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात. काचेच्या रेलिंगखालची फट मोजायला विसरू नका. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथे कठडा असतो आणि त्याला लागून वॉशिंग मशीन, म्हणजे पायरी तयारच. त्या दाराला पाच फुटांवर कडी बसवा आणि ती लावायची सवय घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, लावा.

पाणी

लहान मूल बुडायला एक-दोन इंच पाणी पुरतं. डोकं अंगाच्या मानाने जड असतं. मूल बादलीत डोकावलं की तोल पुढे जातो आणि हातांनी स्वतःला वर ढकलण्याएवढी ताकद त्याच्यात नसते. आरडाओरडा होत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळतही नाही.

आपल्याकडे पाणी भरून ठेवावंच लागतं. ठाण्यात शटडाऊनची सूचना आली, किंवा उलव्यात-खारघरमध्ये पाणी कमी दाबाने येत असलं, की पिंप, टब आणि चार बादल्या भरल्याच जातात. 'भरून ठेवू नका' हा सल्ला त्यामुळे निरुपयोगी आहे. असं करा: साठवण एकाच पिंपात ठेवा, आटे फिरवून बंद होणाऱ्या झाकणाचं पिंप घ्या. नुसतं वर ठेवलेलं झाकण मुलाच्या हाताने सरकतं, किंवा मुलासकट आत जातं. वापरून झालेली बादली तिथल्या तिथे रिकामी करून पालथी घाला. बाथरूमच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी हवी. कमोडचं झाकण खाली. फरशी पुसायची बादली आणि बाळाचा आंघोळीचा टब यांनाही हेच सगळं लागू.

आंघोळ घालताना फोन वाजला तर मूल टॉवेलात गुंडाळून बरोबर न्या. टबात बसायची प्लॅस्टिकची सीट मुलाला बसवते, वाचवत नाही.

भाजणं

मुलं भाजतात ती जास्त करून गरम चहा, वरण, आमटी आणि आंघोळीच्या पाण्याने. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. स्टोरेज गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास आणून घ्या. काही गिझरमध्ये तो झाकणाच्या आत असतो, ते इलेक्ट्रिशियनचं काम. बादलीत नेहमी आधी गार, मग गरम. उलट केलं तर मधल्या अर्ध्या मिनिटात बादलीत नुसतं कढत पाणी असतं आणि नेमका तेव्हाच हात जातो. पाणी तापवायचा रॉड मूल असलेल्या घरात नकोच. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवून घ्या. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि लहान मुलावर त्याचा परिणाम लवकर होतो.

स्वयंपाक मागच्या बर्नरवर, कढईचे आणि पॅनचे दांडे भिंतीकडे वळवून. मूल कडेवर घेऊन फोडणी नको, हातात चहा असताना मूल मांडीवर नको. टेबलक्लॉथ काही वर्षं कपाटात जाऊ द्या, कारण तो ओढला की वरचं सगळं डोक्यावर येतं. मिक्सर, इंडक्शन आणि इलेक्ट्रिक किटलीच्या वायरी ओट्यावरून खाली लोंबता कामा नयेत. महानगर गॅसची लाइन असेल तर काम संपल्यावर शेगडीच्या नळीआधीचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर. शेगडीची बटणं मुलाच्या उंचीवर असतात आणि फिरवायला मजा येते.

स्वयंपाकघराच्या दाराला गेट लावणं हा सगळ्यात चांगला खर्च. उंची ३० इंच, दांड्या उभ्या. दाराची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. खाली स्कर्टिंग असल्याने पाऊण-एक इंचाचा फरक पडतो आणि दाबाने बसणारं गेट मग तिरकं बसतं. टाइल किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीवर दाबाचं गेट घसरतं, तिथे स्क्रूचं घ्या. रो-हाउसमध्ये किंवा डुप्लेक्समध्ये जिन्याच्या वरच्या तोंडाला तर फक्त स्क्रूचंच.

भाजलंच तर भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. अंगठी, बांगडी, करदोटा सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. पाणी धरताना बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान मूल पटकन गार पडतं. चेहरा, हात, पाय किंवा जांघेतला भाग भाजला असेल, किंवा जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर लगेच रुग्णालयात.

पोटात जाणाऱ्या वस्तू

कापूर या यादीत पहिला. तो खडीसाखरेसारखा दिसतो, देव्हाऱ्यात खालच्या कप्प्यात असतो, आणि मुलाने आजीला देवापुढच्या वाटीतून प्रसाद देताना रोज पाहिलेलं असतं. अर्धा-एक ग्रॅम पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापराची डबी वरच्या फडताळात ठेवा, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दीसाठी कापूर अंगाला चोळणं किंवा कापराची पोटली बांधणं टाळा. कपाटातल्या डांबर गोळ्या तर घराबाहेरच काढा. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काही मुलांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना हा त्रास फार वाढतो.

दुसरं ठिकाण आजी-आजोबांच्या गोळ्या. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी मुलाला चुटकीसरशी उघडता येते. डायबेटीसच्या काही गोळ्या अशा असतात की एकीनेही मुलाची साखर धोक्याइतकी उतरते. आईच्या लोहाच्या लाल गोळ्याही गोड आवरणाच्या असतात. इथे मोठ्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्या सोयीची जागा करून द्यावी: त्यांच्या पलंगाजवळच, पाच फुटांवर, एक छोटं कुलपाचं कपाट. खाली वाकायला लागत नाही म्हणून तेही खुशीने वापरतात. पाहुण्यांच्या पर्स आल्या आल्या वर ठेवायच्या. आणि औषध देताना 'गोळी म्हणजे चॉकलेट' असं कधीही म्हणू नका.

फिनेल आणि ॲसिड दारावर येणाऱ्याकडून पाण्याच्या जुन्या बाटलीत घेतलेलं असतं. ती बाटली मूल पाण्याचीच समजणार. सिंकखालचं सगळं वर हलवा. हलवता येत नसेल तर कपाटाला आतून मॅग्नेटचं लॉक लावा. चिकटपट्टीचं लॉक लावणार असाल तर लॅमिनेट आधी स्पिरिटने पुसा. स्वयंपाकघरातल्या तेलकट थरावर चिकटवलेलं लॉक आठवडाभरात सुटतं. चिकटवून २४ तास त्याला हात लावू नका. डासांचं लिक्विड खालच्या सॉकेटमधून काढून वर लावा. बाल्कनीत अडेनियम, कण्हेर किंवा डिफनबाकिया असेल तर काही वर्षांसाठी दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

आता नाण्यासारख्या बटण सेलबद्दल. रिमोट, वजनकाटा, जत्रेतली चमकणारी खेळणी आणि दिवाळीच्या बॅटरीवरच्या पणत्या, सगळ्यांत ते असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून खोल जखम होते, आणि सुरुवातीला मूल नुसतं लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. स्क्रूने बंद न होणारं झाकण असलेली वस्तू घरात नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे होईल अशा रुग्णालयात तडक निघा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करायचा नाही, दुसरं काही खायला-प्यायला द्यायचं नाही.

बाकी कुठलंही विष पोटात गेलं तर उलटी करवू नका. ॲसिड आणि रॉकेल परत वर येताना आणखी नुकसान करतात. मिठाचं पाणी नाही, दूध नाही. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, रुग्णवाहिकेचा १०८. दोन्ही फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा, त्याखाली मुलाचं वजन लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. जवळचं २४ तास बालरोगतज्ज्ञ असणारं रुग्णालय आजच ठरवून ठेवा. संध्याकाळी घोडबंदर रोड तुंबलेला असताना कुठल्या बाजूचं लवकर गाठता येईल, हेही त्यात आलं.

घशात अडकणाऱ्या वस्तू

जाड पुठ्ठ्यात पावणेदोन इंचांचं गोल भोक कापा. त्यातून पार होणारी प्रत्येक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलापासून दूर ठेवा. खाण्यात शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, पॉपकॉर्न, चण्याएवढ्या कडक गोळ्या चार वर्षांपर्यंत बंद. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. सीताफळ, चिकू, बोर, जांभूळ बिया काढूनच. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच गोळा करा, ते घशाला पडद्यासारखे चिकटतात.

अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले, तर उशीर नको. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. वर्षाच्या वरचं मूल पुढे वाकवून ५ थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर ५ झटके. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत ढकलली जाते. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. हे वाचून हातात बसत नाही. घरातल्या दोघांनी तरी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या.

वीज आणि जड कपाटं

सॉकेटच्या टोप्यांपेक्षा मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, असणं महत्त्वाचं. सिडकोच्या जुन्या घरांत तो बऱ्याचदा नसतो. असेल तर महिन्यातून एकदा 'टी' लिहिलेलं बटण दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर तो बदलायचा. सॉकेट आतून शटर असलेले घ्या. टोप्या लावल्याच तर नखाने निघणाऱ्या नकोत, त्याच मग तोंडात जातात. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा.

ड्रॉवरचं कपाट आणि टीव्ही भिंतीला बांधा. मूल खालचा ड्रॉवर ओढून त्यावर उभं राहिलं की अख्खं कपाट पुढे येतं. वर दोन एल-क्लँप पुरतात, पण ते कपाटाच्या मागच्या पातळ प्लायला न लावता वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीला लावा. भिंत कशाची आहे ते ड्रिलच्या भुकटीवरून कळतं. लाल भुकटी म्हणजे वीट: ८ मिमीचा प्लग आणि २ इंची स्क्रू. मायवानचा टॉवर (साच्यात ओतलेल्या भिंतींचा) असेल तर भिंत काँक्रीटची, हॅमर ड्रिलशिवाय बिट आत जात नाही, पण एकदा बसलेला फास्टनर पक्का. पांढरट मऊ भुकटी म्हणजे सिपोरेक्स, म्हणजेच हलके एएसी ब्लॉक. इथेच बहुतेकांचं चुकतं: हॅमर चालू ठेवून भोक मोठं करतात आणि साधा प्लग बसवतात, तो महिन्यात ढिला होतो. सिपोरेक्सला हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि एएसी ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन फास्टनर वापरायचा. मग वरून धरून जोरात पुढे ओढून बघा.

दारं

बोटं चेंगरतात ती बिजागरीच्या बाजूला. पावसाळ्यात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या की दार एका झोतात आपटतं, म्हणून प्रत्येक दाराला मॅग्नेटचा स्टॉपर. तोवर दाराच्या वरच्या कडेला टॉवेल टाकून ठेवा.

मूल आत आणि मोठं माणूस बाहेर, हा प्रसंग फ्लॅटमध्ये सहज घडतो. कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलात, मागून दार लागलं आणि लॅच बसला. लॅचची एक किल्ली शेजाऱ्यांकडे कायम असू द्या, आणि बाहेर पाऊल टाकताना दुसरी खिशात. बाथरूमची आणि बेडरूमची आतली खालची कडी काढून टाका, वरची ठेवा. दाबून बंद होणाऱ्या लॉकच्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात, खोलीच्या बाहेर. मूल अडकलंच तर त्याला दाराजवळ बसवून बोलतं ठेवा आणि आत गॅस किंवा गिझर चालू असेल तर वाट न बघता १०१ किंवा ११२ लावा.

एवढं झाल्यावर टीपॉयच्या टोप्या लावा, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा गुडघ्यांवर बसून घर बघा. मधल्या काळात हात वर पोचलेला असतो.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलात तर तिथे हीच तपासणी सामान सोडण्याआधी करा. विहिरीचा कठडा किती उंच आहे आणि वर जाळी आहे का, आंघोळीच्या पाण्याचा बंब कुठे पेटतो, फवारणीची औषधं पडवीत ठेवली आहेत का, झोपाळ्याच्या कड्या वर अडकवता येतात का. माजघरात दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाला नाव घेऊन एकाकडे मूल सोपवायचं.